येतो मग

पुलाच्या त्या कामावर उन्हाळ्यात साडेतीनशे माणसं असत, हिवाळ्यात जेमतेम चाळीस उरत, आणि त्या चाळिसांत मराठी बोलणारी दोनच होती. तीही नेमकी नदीच्या दोन काठांवर. ईश्वर दक्षिण काठावर काँक्रीट सांभाळत होता आणि दादाराव उत्तर काठावर लोखंड तपासत होते. मध्ये अलास्कातली ती अर्धा मैल रुंद नदी, ऑक्टोबरपासून दगड होऊन पडलेली. कंपनीच्या कागदांवर तिचं नाव एक होतं, खालच्या गावातल्या लोकांच्या तोंडी दुसरंच होतं, आणि कामावर सगळे तिला नुसतं रिव्हर म्हणत.

ही गोष्ट पंच्याऐंशी सालच्या फेब्रुवारीतली. त्या आठवड्यात पारा शून्याखाली बावन्नवर जाऊन बसला होता. फॅरनहाइट की सेल्सियस, असा प्रश्न नागपूरहून येणाऱ्या प्रत्येक पत्रात असायचा. उणे चाळीसला दोन्ही मोजमापं एकच आकडा दाखवतात, आणि त्याच्या खाली गेल्यावर माणसाला फरक कळण्याइतकी शुद्ध राहत नाही, हे ईश्वरने एकदा सविस्तर लिहून कळवलं होतं. तरी पुढच्या पत्रात प्रश्न होताच.

ईश्वरच्या जिवाला घोर होता तो तिसऱ्या खांबाचा. नदीच्या ऐन मध्यावर, बर्फावर यंत्रं उभी करून, पाच दिवसांपूर्वी त्याचं काँक्रीट ओतलं होतं. ओलं काँक्रीट गोठलं की मेलंच. म्हणून खांबाभोवती ताडपत्रीचा दोन मजली तंबू ठोकून आत वाफेचे पाइप फिरवले होते. आणखी चार दिवस आतली ऊब टिकली तर खांब वाचणार होता. नाही टिकली, तर मे महिन्यात बर्फ फुटल्यावर यंत्रं उभी करायला जागा उरणार नव्हती आणि अख्खं वर्ष पाण्यात जाणार होतं. देशाच्या दुसऱ्या टोकाला, वेस्ट विंडसरच्या उबदार घरात बसलेल्या बायकोला, संघमित्राला, तो फोनवर सांगायचा, ‘‘इथे मी बाळंतिणीची खोली सांभाळतोय असं समज.’’ ती म्हणायची, ‘‘खऱ्या बाळंतपणाला तर तू साइटवर होतास.’’

दादाराव सत्तावन्न वर्षांचे. मूळचे उमरेडकडच्या एका खेड्यातले, भिलाईच्या कारखान्यात वेल्डिंग शिकले, तिथून शिकागोला आले आणि गेली सोळा वर्षं अमेरिकेतल्या पुलांचे सांधे तपासत हिंडत होते. उणे चाळिसाच्या खाली क्रेन चालवत नाहीत, लोखंड काचेसारखं तडकतं. म्हणून उत्तर काठावरची सगळी माणसं तीन दिवसांपूर्वी इकडे दक्षिणेला आणली होती. दादाराव तेवढे आले नाहीत. शेडमध्ये स्टोव्ह आहे, चार हजार बोल्ट तपासायचे राहिलेत, मी काय इथे पत्ते खेळायला आलोय, असं सांगून तिकडेच राहिले. अमेरिकन मंडळी त्यांना ‘डॅड’ म्हणत. दादारावांना वाटे वयाचा मान ठेवतात. खरं तर त्यांच्या जिभांना पुढचं ‘राव’ झेपत नव्हतं. ईश्वरचंही त्यांनी ‘इश’ करून टाकलं होतं.

माणूस लाखातला, पण मानपानाचं भारी अवघड. कॅम्पच्या मेसमध्ये पहिल्या दिवशी सगळे थाळ्या भरून बसले तरी हे दारात उभे. आचारी आतून हात हलवून बोलवत होता, पण हातानं बोलावणं म्हणजे बोलावणं नव्हे. शेवटी तो बाहेर आला आणि ‘‘सर, प्लीज कम अँड ईट’’ म्हणाला, तेव्हा हे आत गेले. ईश्वरच्या खोलीवरही तसंच. ‘‘काका, जेवायला या’’ असं स्वच्छ सांगितल्याशिवाय पानावर बसायचे नाहीत. वास आला म्हणून कधी डोकावणार नाहीत. ईश्वरला ही जुन्या माणसांची खोड वाटायची, थोडी कंटाळवाणीसुद्धा.

रोज सकाळी अकराला, ऐन डिसेंबरातही क्षितिजावर जरा उजेड असायचा त्या वेळी, दोघांचं रेडिओवर बोलणं व्हायचं. सुरुवातीला ‘जय भीम’, मग हवा, बोल्ट, काँक्रीट, नागपूर. साइटचा मुख्य सुपरिंटेंडंट वॉल्ट म्हणून एक धिप्पाड गृहस्थ होता. रेडिओवरचं ते ‘जय भीम’ ऐकून त्याची समजूत झाली की पुलाला आय-बीम नावाची लोखंडी तुळई असते तसा हा कुठला तरी जे-बीम आहे आणि हे दोघे रोज त्याची चौकशी करतात. दोन महिने तो नकाशांत जे-बीम शोधत होता. ईश्वरने खरा अर्थ सांगितल्यावर तो खूप हसला, आणि त्या दिवसापासून रोज सकाळी स्वतःच ईश्वरला ‘‘जे-बीम’’ म्हणू लागला.

त्या दिवशीही अकरालाच रेडिओ बोलला. ईश्वर ऑफिसशेजारच्या टेस्टिंगच्या खोलीत होता. वाळूतला ओलावा मोजण्यासाठी ती ज्या शेगडीवर तापवतात, त्या शेगडीवर त्याने पातेलं ठेवलं होतं. ते तसंच ठेवून तो धावत आला.

‘‘जय भीम, काका.’’

‘‘जय भीम. काय करून राहिला, बाबू?’’

‘‘खांब शेकतोय. दुसरं काय.’’

‘‘आपण ईश्वर मानत नाही म्हणतो, अन् इथे ईश्वरच काँक्रीटला शेक देऊन राहिला.’’ हा विनोद ते आठवड्यातून दोनदा करत. ईश्वरचा जन्म धर्मांतराच्या आधीचा, त्यामुळे नाव राहून गेलेलं. तो नेहमीप्रमाणे हसला.

‘‘तुमच्याकडे धुकं किती आहे?’’

‘‘हात लांब केला तर बोटं दिसत नाहीत. तुझ्याकडे?’’

‘‘तेच. अहो काका, काल संघमित्राचं पार्सल आलं. बेसन पाठवलंय, लसणाची चटणी पाठवलीय. आत्ताच घोटलं. शेगडीवर रटरटतंय बघा.’’

पलीकडे क्षणभर नुसती खरखर.

‘‘हिरवी मिरची घातली का?’’

‘‘हिरवी कुठून आणू? लाल आहे.’’

‘‘चालते.’’ पुन्हा खरखर. ‘‘बरं ईश्वर. येतो मग.’’

‘‘या, काका.’’

खट्ट झालं, रेडिओ बंद. ईश्वर पातेल्याकडे पळाला, कारण नागपूरकडे ज्याला बेसन म्हणतात ते पिठलं तळाला लागल्याचा वास यायला लागला होता.

वीस मिनिटांनी, वॉल्ट आणि ईश्वर ऑफिसात बसलेले असताना, एल्सी आत आली. ही बाई नदीच्या खालच्या गावातली, पन्नाशीची, बर्फ मोजायच्या कामावर. रोज सकाळी ती नदीवरच्या रस्त्यानं जाऊन ठिकठिकाणी भोक पाडायची, जाडी मोजायची आणि आकडे फळ्यावर लिहायची. त्या आकड्यांवर ठरायचं की आज बर्फावरून ट्रक जाईल, माणूस जाईल की कुणीच नाही. तिने पापण्यांवरचा बर्फ चोळून काढला, खडू घेतला आणि लिहिलं: त्रेचाळीस, त्रेचाळीस, चव्वेचाळीस. मग चौथा आकडा लिहिला, नऊ. त्याखाली आणखी एक, चार.

वॉल्टनं कॉफीचा मग खाली ठेवला. ‘‘चार फूट?’’

‘‘चार इंच,’’ एल्सी म्हणाली. ‘‘तिसऱ्या खांबाजवळ, रस्त्याच्या ऐन मधोमध. वर बर्फाचा भुगा बसलाय, दिसत काही नाही. खालून गरम पाण्यानं खाल्लंय.’’

गरम पाणी कुठलं, हे विचारायची गरज नव्हती. तंबूतल्या वाफेचं पाणी एका लांब पाइपातून रस्त्याच्या पार पलीकडे सोडलं जायचं. काल संध्याकाळी तो पाइप गोठला होता, आणि बॉयलरवरच्या माणसानं विचारलं तेव्हा ईश्वरच म्हणाला होता, काहीही करा पण ऊब बंद पडता कामा नये. त्या माणसानं काहीही केलं होतं. पाइप तंबूजवळच कापला होता.

‘‘मी दोन्ही बाजूंनी रस्ता बंद करायला निघाले होते,’’ एल्सी म्हणाली. ‘‘इकडून झाडं आडवी टाकली. पलीकडे जाता आलं नाही. पलीकडे कोण आहे?’’

‘‘फक्त डॅड,’’ वॉल्ट म्हणाला. ‘‘तो कुठे जात नाही. इश, तू आत्ताच बोललास ना त्याच्याशी? तो इकडे येत नाहीये ना?’’

‘‘नाही,’’ ईश्वर म्हणाला. आणि म्हटल्याबरोबर वळून रेडिओकडे बघू लागला.

‘‘म्हणजे नक्की काय म्हणाला तो? शेवटचं काय बोलला?’’

ईश्वरने मनातल्या मनात त्याचं इंग्रजी केलं. ते इतकं सरळ होतं की त्याला सांगवेना. ‘‘तो म्हणाला, आय ॲम कमिंग देन.’’

वॉल्टनं कोटाला हात घातला.

‘‘थांब, थांब,’’ ईश्वर म्हणाला. ‘‘तसं नाही. आमच्यात निघताना असंच म्हणतात. माणूस जायला निघाला की म्हणतो, आय ॲम कमिंग.’’

‘‘जायला निघाला की?’’

‘‘हो. गो म्हणत नाहीत. वाईट दिसतं. गो म्हणजे परत न येण्यासारखं.’’

‘‘मग तू काय म्हणालास?’’

‘‘मी म्हणालो, कम.’’

‘‘तो म्हणाला, मी येतो. तू म्हणालास, ये. आणि याचा अर्थ, तो येत नाहीये.’’

‘‘बहुतेक,’’ ईश्वर म्हणाला.

वॉल्टनं एल्सीकडे बघितलं. एल्सी फळ्याकडे बघत होती. वॉल्ट स्वभावानं बरा माणूस होता, पण त्याच्या डोक्यात हो आणि नाही यांच्यासाठी दोनच कप्पे होते. त्याने खुर्ची ओढली, उलटी केली आणि ईश्वरच्या समोर बसला. ‘‘हे बघ. तो येत असेल तर मला आत्ता चार माणसं, दोर आणि स्लेजगाडी घेऊन बर्फावर पाठवावी लागतील. त्यातली दोन बॉयलरवरून काढावी लागतील, मग तुझ्या खांबाचं काय होईल ते तुला माहीत. तो येत नसेल, तर स्टोव्हजवळ पाय शेकत बसलेल्या माणसासाठी मी चार जणांना या धुक्यात सडक्या बर्फावर पाठवणार नाही. तेव्हा येस की नो, एवढंच सांग.’’

‘‘रेडिओवर विचारू,’’ ईश्वर म्हणाला. त्याने बटण दाबून पाच वेळा हाका मारल्या. उत्तर नाही. त्यावरूनही काही कळत नव्हतं. बोलणं संपलं की दादाराव रेडिओ बंद करून ठेवत. बॅटरी फुकट कशाला जाळायची, ही त्यांची रीत. म्हणजे ते शेडमध्ये असले तरी उत्तर येणार नव्हतं आणि बर्फावर असले तरी नाही.

‘‘सायरन?’’ एल्सीनं विचारलं.

‘‘सायरनचा अर्थ काय?’’ वॉल्ट म्हणाला. ‘‘असाल तिथून उठा आणि दक्षिण काठावर या. तो आत्ता येत नसला तर सायरन ऐकून येईल. थेट त्या भोकात.’’

ईश्वर डोकं धरून बसला. आयुष्यभर स्ट्रक्चर्सची गणितं सोडवलेला माणूस, पण या दोन शब्दांचं गणित त्याला सुटेना. चार महिन्यांत काका रोज रेडिओ ठेवताना ‘येतो’ म्हणाले होते आणि एकदाही आले नव्हते. म्हणजे आजही निरोपच. पण रोज ते नुसतं ‘येतो’ म्हणत, आज ‘येतो मग’ म्हणाले. त्या ‘मग’चं काय करायचं? ‘मग’ म्हणजे बेसन केलंयस तर मग? की आपलं नुसतं ‘मग’, वाक्य संपवायला लावतात तसं? आणि त्याआधी मिरचीची चौकशी केली. जेवायला न येणारा माणूस मिरची हिरवी की लाल कशाला विचारेल? पण नागपूरचा माणूस बेसनाचं नाव निघाल्यावर मिरचीबद्दल विचारणारच, त्याला जेवायचं असो की नसो.

मग त्याला एकदम सुचलं आणि तो ताडकन उभा राहिला. काका खरंच निघाले असते तर ‘येऊन राहिलो’ म्हणाले असते. काय करून राहिला, कुठे जाऊन राहिला, त्यांचं सगळं राहिलावरच चालतं. येतो म्हणजे निरोप आणि येऊन राहिलो म्हणजे खरं येणं. ‘‘वॉल्ट, तो येत नाहीये,’’ तो म्हणाला. ‘‘ग्रामरवरून कळतंय.’’

‘‘शुअर?’’

ईश्वर पुन्हा खाली बसला. कारण येऊन राहिलो कधी म्हणतात? वाटेत असल्यावर. आणि काका बोलले तेव्हा शेडमध्येच होते, निघायचे होते. निघायच्या आधी माणूस येतोच म्हणणार. शिवाय काकांना जेवायला बोलावल्याशिवाय ते येत नाहीत हे खरं, पण बोलावलं नाही असं तरी कसं म्हणायचं? तो स्वतः ‘या, काका’ म्हणाला होता. सवयीनं, पातेल्याकडे लक्ष ठेवून. घरातून कुणी निघालं की आपण दारातून म्हणतो तसं. आता ते ‘या’ त्याला स्वतःच्याच आवाजात ऐकू येत होतं, आणि जितक्यांदा ऐकू येई तितकं ते अधिकाधिक बोलावण्यासारखं वाटे. काका त्या धुक्यात चालत असतील तर त्यांना त्यानेच बोलावलं होतं, आणि ज्या भोकाकडे ते चालले होते तेही त्याच्याच शब्दानं पडलं होतं.

‘‘आय डोन्ट नो,’’ तो म्हणाला. ‘‘मला कळत नाहीये, वॉल्ट. माझी भाषा आहे आणि मला कळत नाहीये.’’

मग तो उठून मोठा कोट चढवू लागला. ‘‘चार माणसं नकोत. बॉयलर चालू राहू दे. मी जातो.’’

वॉल्ट काहीतरी बोलणार होता, पण एल्सीनं आधीच दोर उचलला होता. ‘‘याला रस्ता सापडायचा नाही,’’ ती म्हणाली. ‘‘मी नेते.’’ वॉल्टनं एकदा फळ्यावरच्या चाराकडे पाहिलं, एकदा ईश्वरकडे, आणि तो स्वतः बॉयलरच्या खोलीकडे गेला. खांबाचा थर्मामीटर मी बघतो, एवढंच जाताना म्हणाला.

बाहेर बारा वाजायला आले होते, तरी धुक्यामुळे उजेड पहाटेइतकाच. गाड्यांचा धूर आणि बॉयलरची वाफ जागच्या जागी गोठून त्याचं धुकं झालं होतं आणि ते नदीवर बसून होतं. नाकातले केस पहिल्याच श्वासाला कडक झाले. बर्फावरच्या रस्त्याच्या कडेला तीस-तीस पावलांवर स्प्रूसची, म्हणजे देवदारासारखी, लहान झाडं खोचून ठेवलेली होती. एका झाडापासून निघायचं आणि दुसरं दिसेपर्यंत विश्वासावर चालायचं. एल्सी पुढे, हातात पहार. दर दोन पावलांना ती बर्फावर पहार आपटायची आणि आवाज ऐकायची. पंधरा हात मागे, कंबरेला दोर बांधलेला ईश्वर; दोराचं बाकीचं वेटोळं एल्सीच्या खांद्यावर.

‘‘काका!’’ तो ओरडला. हाक तोंडातून निघाली आणि धुक्यात गेली. उत्तर नाही.

भर थंडीत त्याला घाम फुटला होता, आणि या गारठ्यात घाम फुटणं वाईट हे माहीत असूनही तो थांबत नव्हता. कसले कसले विचार येत होते. अकरा वर्षांपूर्वी नागपूरहून निघताना तो आईला ‘येतो’ म्हणाला होता आणि आई दारातून ‘ये’ म्हणाली होती. तेव्हापासून एकदा, फक्त तेरा दिवसांसाठी, तो गेला होता. तिला ते कसं कळलं असेल, निरोप म्हणून की येणं म्हणून? त्याने कधी विचारलं नव्हतं. तिनेही काही म्हटलं नव्हतं.

‘‘काका! दादाराव काका!’’

एल्सीनं हात वर केला. तिसऱ्या खांबाचा तंबू डाव्या हाताला धुक्यातून काळा दिसू लागला होता. वाफेचा फसफस आवाज येत होता. तिने पहार आपटली. आतापर्यंत ठणठण वाजणारा बर्फ पोकळ वाजला. ती दोन पावलं मागे सरली आणि ईश्वरलाही तिने हातानंच मागे ढकललं.

‘‘काका!’’

‘‘ओरडतो कशाला?’’ समोरून आवाज आला. ‘‘बहिरा नाही मी.’’

ईश्वर तिथेच बर्फावर बसला आणि लगेच उठला. वाऱ्याची एक झुळूक येऊन धुकं जरा हललं. पलीकडे, पंचवीस-तीस पावलांवर, एका स्प्रूसच्या झाडाशेजारी दादाराव उभे होते. हात काखेत दाबलेले, मफलर नाकापर्यंत, आणि भुवया पांढऱ्याफटक. त्यांच्या आणि ईश्वरच्या मध्ये पांढरा, सपाट, अगदी निरागस दिसणारा रस्ता होता.

‘‘हलू नका! तिथेच थांबा! मध्ये बर्फ नाहीये, काका. चार इंच आहे नुसता!’’

‘‘थांबलेलाच आहे,’’ दादाराव चिडून म्हणाले. ‘‘दहा मिनिटं झाली थांबून. ट्रक सुरू होईना म्हणून पायी निघालो.’’

‘‘मग थांबलात कसे? तुम्हाला दिसलं काही? आवाज आला?’’

एल्सी डावीकडे, तंबूच्या वरच्या अंगाला, प्रवाह येतो त्या बाजूनं, पहार आपटत सरकू लागली. पाणी खालच्या अंगाला वाहत होतं, तेव्हा वरचा बर्फ शाबूत असणार होता. ठण, ठण, ठण, आवाज येत होता.

‘‘काका, थांबलात कशाला?’’

‘‘तू ‘या’ म्हणालास,’’ दादाराव म्हणाले. आवाज एवढा खाली आला होता की ईश्वरला टोपी कानावरून वर करावी लागली. ‘‘म्हणून निघालो. म्हटलं, पोरगं बोलवून राहिलं. पण अर्ध्यात आलो अन् डोक्यात आलं, मी ‘येतो’ म्हणालो म्हणून त्यानं ‘या’ म्हटलं असेल. रीतीनं. बोलावलं कुठं? बेसन केलं म्हणाला, जेवायला या म्हणाला नाही. आता पुढं जावं की मागं फिरावं, कळेना. म्हणून उभा राहिलो.’’

‘‘या थंडीत? अहो, एवढ्यासाठी? परका आहे का मी?’’

‘‘तू नाहीस.’’ दादारावांनी काखेतला एक हात काढला, मफलर खाली ओढला आणि पुन्हा हात काखेत घातला. ‘‘माझी माय गावात संध्याकाळी दारोदार जायची. भाकर वाढा माय, म्हणून हाक द्यायची अन् लांब उभी राहायची. मी तिचं लुगडं धरून. घरात माणसं जेवत असत, वास येत असे. कुणी वाढे, कुणी थांब म्हणे, कुणी थांब म्हणायचं पण विसरून जाई. आम्ही उभे. सहा वर्षांचा होतो. तेव्हा ठरवलं, वासावर कुणाच्या दारी जायचं नाही. नाव घेऊन, जेवायला ये म्हणून बोलावलं तरच जायचं. पन्नास वर्षं झाली. आज तुझ्या त्या बेसनापायी पाय उचलला गेला बघ माझा. चूक झाली.’’

‘‘व्हॉट इज ही सेइंग?’’ एल्सीनं धुक्यातून विचारलं.

ईश्वरने ते तिला इंग्रजीत सांगितलं नाही. त्याची आजीही तशीच दारोदार गेलेली होती, एवढं त्याला ठाऊक होतं. पण ते घरात कुणी कधी बोललं नव्हतं, आणि त्यानेही विचारलं नव्हतं. तो शिष्यवृत्तीवर शिकला, मेसमध्ये जेवला, विमानात जेवला, आणि काकांच्या दारात उभं राहण्याला मानपान म्हणत आला. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. समोर तीस पावलांवर तो माणूस जिवंत उभा होता, आणि जिवंत होता तो नेमका त्या खोडीमुळे. बोलावल्याची खात्री असती तर तो थांबला नसता. आणखी दहा-बारा पावलं टाकली असती.

त्याने पाठ ताठ केली. टोपी काढावी असं त्याला वाटलं, पण कान गेले असते म्हणून काढली नाही.

‘‘दादाराव काका,’’ तो मोठ्यानं, शब्द सुटे सुटे करून म्हणाला, ‘‘आज दुपारी तुम्ही माझ्याकडे जेवायला यायचं. बेसन केलंय, भात आहे, लसणाची चटणी आहे. मी काठावरून चालत आलोय ते तुम्हाला बोलवायला आलोय.’’

तंबूची वाफ फसफसत होती. एल्सी वरच्या अंगानं मोठा वळसा घालून पलीकडे पोचली होती आणि दोराचं दुसरं टोक दादारावांच्या कंबरेला बांधत होती. ते लहान मुलासारखे हात वर करून उभे होते.

‘‘बेसन लागलं का तळाला?’’ त्यांनी विचारलं.

‘‘लागलंय थोडं.’’

‘‘चालते.’’

एल्सीनं दोराला हिसडा देऊन गाठ पाहिली आणि पहारीनं वाट दाखवली.

‘‘तिच्या पावलांवर पाऊल ठेवून या, काका,’’ ईश्वर ओरडला. ‘‘सावकाश.’’

दादाराव झाडापासून सुटले. एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, आणि मान वर न करताच म्हणाले, ‘‘येऊन राहिलो, बाबू. येऊन राहिलो.’’